नोंद न झालेला एक्स-रे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या घरात एक वाद जवळजवळ चाळीस वर्षं चालला आणि वाद घालणारे दोघंही अल्लाला प्यारे झाले तरी तो मिटला नाही. वाद एका एक्स-रेचा होता.

माझी थोरली बहीण १९६९ साली, सहा वर्षांची असताना गेली. रक्ताचा कर्करोग. मी तेव्हा पावणेदोन वर्षांचा. तिचा चेहरा मला आठवत नाही. घरात तिचा फोटो एकच, तोही ईदच्या दिवशी काढलेल्या घोळक्यातला. अम्मी म्हणायची, ‘ही पोटात असताना आठव्या महिन्यात माझ्या पोटाचा एक्स-रे काढला होता. पोट फार मोठं दिसत होतं, दाईला जुळ्याची शंका आली, म्हणून दवाखान्यात नेलं. टेबल असं गार होतं की पाठीत कळ गेली.’ अब्बा म्हणायचे, ‘साफ चूक. एक्स-रे काढला तो हिच्या वेळी नाही, या पोराच्या वेळी.’ या पोराच्या म्हणजे माझ्या. त्यांचा पुरावा अम्मीच्याच बोलण्यातला होता. टेबल गार लागलं म्हणजे थंडीचे दिवस. बहीण सप्टेंबरातली, तिचा आठवा महिना पावसाळ्यात आला. मी मार्चमधला, माझा आठवा महिना ऐन थंडीत. अब्बा दिवाणी कोर्टात कारकून होते, तारखांचा हिशेब त्यांना चांगला जमायचा. मी समोर बसून जेवत असायचो आणि माझ्याच जन्माआधीच्या एका घटनेवर दोन साक्षीदार भांडताना ऐकायचो.

हा एक्स-रे महत्त्वाचा का, हे अम्मीला कोणी सांगितलं होतं ठाऊक नाही. कुठल्यातरी नर्सनं, नाहीतर उर्दू मासिकात तिनं वाचलं असेल. पण एकदा ते तिच्या मनात गेलं ते गेलंच.

मामू, म्हणजे अम्मीचे धाकटे भाऊ, १९७० साली त्याच दवाखान्यात एक्स-रे विभागात लागले. आधी डार्करूममध्ये फिल्म धुवायला, पुढं यंत्रावर. लागल्यावर पहिल्याच महिन्यात अम्मीनं त्यांना जुनी रजिस्टरं शोधायला लावली. १९६५ च्या आधीचं काही मिळालं नाही, वाळवीनं खाल्लं होतं. १९६८ ची जानेवारी मिळाली, पण त्यात बायकांच्या नावापुढं नुसतं ‘मुस्लिम स्त्री, वय २५’ अशा नोंदी, आणि अवयवाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. मात्र फिल्मच्या मापाचा रकाना एकदाही कोरा नव्हता. बारा बाय पंधरा, दहा बाय बारा, सगळं व्यवस्थित. मामू सांगतात, ते रजिस्टर रुग्णांचं नव्हतंच, फिल्मचं होतं. फिल्मला पैसे पडायचे, तिचा हिशेब द्यावा लागायचा. किरणांना पैसे पडत नव्हते.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी पुतणी. ती इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करते आहे आणि तिनं प्रोजेक्ट घेतला तो असा, की एक्स-रे यंत्रावर अशी छोटी पेटी बसवायची जी प्रत्येक एक्स-रे काढला गेला की तारीख आणि वेळ आपोआप टिपून ठेवील. कोणी लिहो न लिहो. तिला आमच्या घरातला वाद माहीत नव्हता. मी बी.ए., तोही मराठी साहित्यात; दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध दिव्याचं बटण दाबण्यापुरता. पण ‘आपोआप टिपून ठेवील’ हे शब्द ऐकले आणि मी या विषयाच्या मागं लागलो. जे हाती आलं ते सांगतो.

विल्हेल्म राँटगेन यांना जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्ग इथं ८ नोव्हेंबर १८९५ ला हे किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो घेतला. हाडं आणि बोटातली अंगठी दिसते तो प्रसिद्ध फोटो. त्यासाठी हात सुमारे पंधरा मिनिटं प्लेटवर धरावा लागला होता. पुढच्या वर्षभरात जगभर एक्स-रे निघू लागले आणि एक विचित्र पद्धत पडली. नळी नीट चालते की नाही, किरण पुरेसे ‘कडक’ आहेत की नाहीत, हे पाहायला चालवणारा माणूस स्वतःचा हात नळीसमोर धरी आणि चमकणाऱ्या पडद्यावर स्वतःची हाडं बघे. रोज सकाळी, प्रत्येक रुग्णाआधी. म्हणजे किरण मोजायचं पहिलं उपकरण होतं माणसाचा हात, आणि त्यानं नोंद ठेवली ती कातडीवर. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली काच फुंकून नळ्या बनवायचा. त्याचे हात भाजले, जखमा भरेनात, मग दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसननं त्या किरणांचं काम सोडून दिलं.

फिलाडेल्फियात मिहरान कसाबियान नावाचे आर्मेनियन डॉक्टर होते. त्यांच्याही हातांना तेच झालं. त्यांनी काय करावं? आपल्या हातांचे फोटो काढून ठेवायला सुरुवात केली. बोटं कशी झडत गेली याची छायाचित्रांची वहीच. १९१० साली ते वारले. ते फोटो मी पाहिले आणि पुस्तक मिटून ठेवलं.

शिकागोचा रोम वॅग्नर हा एक्स-रेच्या नळ्या बनवणारा. त्यानं १९०७ साली एक साधी युक्ती सांगितली. तो दिवसभर खिशात फोटोची एक छोटी प्लेट बाळगी आणि संध्याकाळी ती धुऊन बघे. काळी पडली असेल तर आज किरण अंगावर आले. आपोआप नोंद होण्याची ही कल्पना माझ्या माहितीत सगळ्यात जुनी. त्याला उपयोग झाला नाही, कारण आधीच्या वर्षांत जे अंगावर घ्यायचं ते त्यानं घेऊन झालं होतं. दुसऱ्याच वर्षी तो कर्करोगानं गेला.

रुग्णासाठीही एक उपकरण निघालं होतं. पॅरिसमध्ये साबूरो आणि न्वारे या दोघांनी १९०४ मध्ये एक छोटी टिकली वापरात आणली. बेरियम प्लॅटिनोसायनाइडची, हिरवट. किरण पडत जातील तशी ती तपकिरी होत जाई. शेजारी रंगाचा नमुना ठेवायचा, तेवढा रंग आला की नळी बंद करायची. पोरांच्या डोक्यावरच्या गजकर्णावर तेव्हा किरणांचा उपचार करत. त्यासाठी ती होती. आमच्याकडं मेंदीचा रंग बघून हात धुतात, तसाच हा हिशेब. पण उजेडात ठेवली की टिकली परत हिरवी होई. तिला मोजता येत होतं, लक्षात ठेवता येत नव्हतं.

१९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट गेओर्ग रुग्णालयाच्या बागेत एक स्मारकस्तंभ उभारला गेला. या किरणांनी बळी घेतलेल्या डॉक्टरांची, नर्सेसची, तंत्रज्ञांची, शास्त्रज्ञांची नावं त्यावर कोरलेली. सुरुवातीला १६९ आणि पुढं भर पडत गेली. त्यात रुग्ण कोणी नाही. याचा दोष मी कोणाला देत नाही. रुग्णांची यादी करणार कशी? कोणाला किती दिले, हे लिहिलंय कुठं?

खिशातल्या प्लेटची कल्पना खऱ्या अर्थानं कामाला आली ती अमेरिकेच्या अणुबाँबच्या कारखान्यात. शिकागोच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट वोलन यांनी १९४० नंतरच्या युद्धवर्षांत फिल्मचा बिल्ला तयार केला. कामगाराच्या छातीवर लावायचा, ठरलेल्या मुदतीनं फिल्म धुऊन काळेपणा मोजायचा. युद्धानंतर तोच बिल्ला जगभरच्या एक्स-रे खोल्यांत पोचला. आपल्याकडंही आधी फिल्मचा बिल्ला होता. १९७५ पासून त्याची जागा टीएलडी बिल्ल्यानं घेतली. तो तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी घडवलेला. त्यात कॅल्शियम सल्फेट आणि टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात, सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश. किरण पडले की त्यांची ऊर्जा चकतीत अडकून राहते. तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो, चकती तापवतात, तेव्हा ती अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. जितका उजेड, तितकी मात्रा. तीन महिने सोसलेलं एका क्षणात सांगून मोकळं व्हायचं! मला यावर कविता सुचली होती, पण ती वाईट झाली.

मामूंनाही हा बिल्ला मिळाला. त्यांनी तो कितीतरी वर्षं टेबलाच्या खणात ठेवला. मी विचारलं, ‘मामू, का?’ तर म्हणाले, ‘आकडा जास्त आला की वरून कागद यायचा, खुलासा द्या. खुलासा मी द्यायचा. यंत्राचं झाकण सैल आहे, शिशाचा एप्रन फाटलाय, हे मी आधीच तीनदा लिहून दिलं होतं. मग कशाला?’ म्हणून खणाला किरणं फार कमी मिळाली अशी नोंद तुर्भ्याला वर्षानुवर्षं होत राहिली. बिल्ला खोटं बोलत नव्हता. तो कुठं होता, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आज आपल्याकडं अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. रुग्णाला अशी मर्यादा जगात कुठंच नाही, आणि ते बरोबरही आहे. गरज असेल तर तपासणी व्हायलाच हवी. इथं थांबून एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं ऐकून कोणी उद्याचा एक्स-रे रद्द करील. छातीच्या एका साध्या एक्स-रेत जेवढे किरण मिळतात तेवढे माती, हवा, आकाश यांतून थोड्याच दिवसांत आपल्याला तसेही मिळतात. पोटाच्या सीटी स्कॅनचं तसं नाही, तिथं हिशेब वर्षांत जातो. प्रश्न भीतीचा नाही. एकूण किती झाले हे कोणाजवळ लिहिलेलं असतं का, एवढाच आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे ते दाखवून दिलं एका बाईनं. डॉ. ॲलिस स्टुअर्ट, ऑक्सफर्डच्या.

१९५० नंतर इंग्लंडमध्ये लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग वाढताना दिसत होता, आणि तोही दोन ते चार वर्षांच्या मुलांत जास्त. स्टुअर्टबाईंना वाटलं, इतक्या लहान वयात होतं म्हणजे कारण जन्माच्या आधीचं असेल. आणि जन्माच्या आधीचं कोणाला ठाऊक? आईला. त्यांनी एक प्रश्नावली केली आणि मूल गेलेल्या आयांना आणि ज्यांची मुलं जिवंत आहेत अशा आयांना तेच ते प्रश्न विचारले. काय खाल्लंत, कोणता आजार झाला, एक्स-रे काढला होता का. कामाला पैसे कोणी देईना. शेवटी हजार पौंड मिळाले ते लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टकडून.

होय, आपल्याच टाटांकडून. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावानं या रोगाच्या संशोधनासाठी हा ट्रस्ट निघाला. मेहेरबाई माहेरच्या भाभा. होमी भाभांच्या आत्या. म्हणजे आत्याच्या नावच्या पैशानं आयांना प्रश्न विचारले गेले आणि भाच्याच्या नावच्या संस्थेतून मामूंचा बिल्ला आला. यात कार्यकारण काही नाही, पण हे वाचलं तेव्हा अम्मीला सांगावंसं वाटलं.

उत्तरं येऊ लागली तशी एक गोष्ट डोळ्यांत भरली. गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढल्याचं सांगणाऱ्या आया, मूल गेलेल्यांमध्ये जवळजवळ दुप्पट होत्या. १९५६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छोटं टिपण आलं, १९५८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सविस्तर लेख. त्या काळी मूल आडवं आहे का, जुळं आहे का, आईचं कटिर हाड पुरेसं रुंद आहे का, हे बघायला गरोदर बाईचा एक्स-रे काढणं ही चांगल्या दवाखान्यातली रीत होती. म्हणजे आरोप चांगल्या डॉक्टरांवर होता.

मग आक्षेप आला. आक्षेप वाईट नव्हता, म्हणूनच तो टिकला. जिचं मूल गेलं ती आई कारण शोधत राहते. रात्रंदिवस आठवते. तिला एक्स-रे आठवेल. जिचं मूल अंगणात खेळतंय तिला कशाला आठवेल? तेव्हा दुप्पट दिसतात ते एक्स-रे नसून आठवणी असतील. हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. अब्बा नेमकं हेच म्हणत होते, फक्त त्यांना ते इतक्या नीट मांडता येत नव्हतं.

सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं दाखवणारे नामवंत संशोधक रिचर्ड डॉल यांनी कोर्ट ब्राउन यांच्याबरोबर १९६० मध्ये रुग्णालयांच्या नोंदींवरून तपासणी केली आणि त्यांना वाढ दिसली नाही. स्टुअर्टबाईंचं पारडं खाली गेलं. वाद मिटवायला एकच मार्ग होता, मूल आजारी पडण्याच्या आधीच लिहून ठेवलेली पुष्कळ नोंद. अशी नोंद सापडली अमेरिकेत. हार्वर्डचे ब्रायन मॅकमहन यांनी ईशान्य अमेरिकेतली ३७ रुग्णालयं घेतली, तिथं जन्मलेली ७,३४,२४३ मुलं घेतली, आणि प्रसूतीच्या कागदांत आईचा एक्स-रे लिहिलाय का ते बघितलं. कोणाची आठवण विचारायची नाही. १९६२ मध्ये निष्कर्ष आला, एक्स-रे झालेल्या मुलांत कर्करोगानं मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. स्टुअर्टबाईंच्या आकड्यापेक्षा कमी, पण दिशा तीच. तरीही ती रीत जायला आणखी बरीच वर्षं लागली. रिचर्ड डॉल यांनी १९९७ मध्ये, वेकफर्ड यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात, हे किरण धोका वाढवतात हे मान्य केलं. स्टुअर्टबाई २००२ मध्ये गेल्या. म्हणजे हे वाचायला त्या होत्या.

माझ्या बहिणीपुरतं यातून काय निघतं? काही नाही. हा रोग मुळात दुर्मीळ. दुर्मीळ गोष्ट दीडपट किंवा दुप्पट झाली तरी दुर्मीळच. एक्स-रे झालेल्या बहुतेक मुलांना काहीही झालं नाही, आणि रोग झालेल्या बहुतेक मुलांच्या आयांचा एक्स-रे झालेला नव्हता. हे अम्मीला समजावून सांगायला मला जमलं असतं असं वाटत नाही. आणि तो एक्स-रे माझ्या वेळचा असेल, तर मी समोर बसून जेवतच होतो.

गरोदर बाईचा एक्स-रे थांबला त्याला केवळ आकडे कारण नव्हते. दुसरी सोय आली. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं मूल बघण्याचा लेख प्रसिद्ध केला तो १९५८ मध्येच, स्टुअर्टबाईंच्या मोठ्या लेखाच्याच साली. सोनोग्राफीत हे किरण नाहीत. आईला आणि मुलाला अपाय नाही म्हणून ती दवाखान्यादवाखान्यात गेली. आणि आपण तिचं काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली ८३९. कायदा १९९४ चा होता, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला ‘एफ’ फॉर्म भरायचा होता. फॉर्म भरले जात, पण फॉर्म लिहिणारा हातच गुन्हा करणारा असेल तर?

म्हणून कोल्हापुरात यंत्रावरच पेटी बसली. तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, आपले कथाकार-कादंबरीकार, २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या काळात ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण सोनोग्राफी यंत्रांना जोडलं गेलं. पडद्यावर जे दिसतं ते वेळेसकट आपोआप साठवायचं, शंका आली तर तपासायचं. रेडिऑलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली. रुग्णाची खाजगी गोष्ट बाहेर जाईल, असा एक मुद्दा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. त्याच वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला होता, राज्याचा मात्र ९१३ वरून ८९४ वर उतरला होता. याचं श्रेय पेटीला देणारे लेख मी वाचलेत. मला ते पटत नाही. मोजलेली मुलं सात वर्षांत जन्मलेली, पेटी आली ती शेवटच्या एकदोन वर्षांत. कोल्हापुरात त्या आधीपासून जी माणसं घरोघर फिरली, त्यांच्या वाट्याचं हे श्रेय लोखंडी डब्याला देऊ नये.

पुतणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘काका, आता मोठ्या यंत्रांत असतंच की हे.’ खरं आहे. नव्या यंत्रांत मात्रेचा तपशील चित्राबरोबरच साठवायची एकसारखी रीत २००५ च्या सुमारास ठरली. किरणांच्या वाटेत हवेची एक पातळ, पारदर्शक पेटी बसवतात; किरण जाताना हवेत विजेचे कण सुटतात, ते मोजले की मात्रा कळते. पण २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या रुग्णालयात उघडकीला आलं की मेंदूच्या सीटी तपासणीत दोनशेहून अधिक रुग्णांना अठरा महिने ठरल्याच्या आठपट किरण दिले जात होते. आकडा यंत्राच्या पडद्यावर दर वेळी दिसत होता. कळलं ते एका रुग्णाचे केस गळाले तेव्हा. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियानं कायदा केला की सीटीची मात्रा रुग्णाच्या अहवालात लिहिलीच पाहिजे. आपल्या गल्लीतल्या जुन्या एक्स-रे यंत्रात मात्र यातलं काही नसतं. पुतणीची पेटी त्याच्यासाठी.

पहिल्यांदा तिनं ठरवलं, बटणालाच तार जोडायची. मामू हसले. मामू आता सत्त्याहत्तरचे, पण एक्स-रेचं नाव काढलं की ताठ बसतात. म्हणाले, ‘बेटा, बटण दोन टप्प्यांचं असतं. पहिल्या टप्प्यात नळीतली तबकडी नुसती फिरायला लागते. तेवढ्यात पोरगं हललं, आईनं त्याला धरलं, की आपण बोट काढून घेतो. किरण निघालेच नाहीत. तुझी पेटी उगाच लिहून ठेवील.’ दुसरा विचार, यंत्राच्या विजेवर नजर ठेवायची. पण शेजारच्या खोलीतला एसी चालू झाला तरी तार थरथरायची. शेवटी मामूंनी माळ्यावरून एक जुनी कॅसेट काढली. फिल्मच्या दोन्ही बाजूंना तिच्यात पांढरे पडदे असतात. किरण पडले की ते निळे उजळतात आणि फिल्म त्या उजेडानंच काळी होते. त्यातला नखाएवढा तुकडा कापून पुतणीनं काळ्या डबीत बसवला, समोर उजेड ओळखणारा डायोड, मागं घड्याळ आणि स्मृती. डबी किरणांच्या झोताच्या कडेला, चित्रात येणार नाही अशी चिकटवली. यंत्राच्या एकाही तारेला हात लावला नाही.

चाचणीत तिला विचित्र दिसलं. उजेड सलग नव्हता, ठोके पडत होते. ०.१ सेकंदाच्या एक्स-रेत दहा ठोके. तिला वाटलं, जोडणी चुकली. मामू उठले आणि पितळेचा एक भोवरा घेऊन आले. चपटा, कडेला एक बारीक भोक. ते म्हणाले, ‘हे आमचं घड्याळ.’ जुन्या यंत्रात वीज सेकंदाला शंभर वेळा उसळते, किरण तेवढेच शंभर झटक्यांत निघतात. फिल्मवर भोवरा फिरवायचा आणि एक्स-रे काढायचा; भोकातून प्रत्येक झटक्याचा एक काळा ठिपका उमटतो. दहा ठिपके म्हणजे ०.१ सेकंद. आठच आले तर टायमर लबाडी करतोय. पुतणीनं मग ठोके मोजायचं कामही पेटीला दिलं.

एका ओळखीच्या डॉक्टरांनी आठवडाभर पेटी लावू दिली. आठवड्याअखेर रजिस्टरात ६४ नोंदी आणि पेटीत ७९. डॉक्टर थोडे नाराज झाले. मामूंनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि पंधरा मिनिटांत हिशेब लावला. सकाळी यंत्र गरम करायला रोज एक, असे सहा दिवसांचे सहा. गुडघ्याचे पाच रुग्ण. समोरून आणि बाजूनं असे दोन दोन फोटो, पण ओळ एकेकच, म्हणून आणखी पाच. उरले चार. चार बिघडलेले, पुन्हा काढलेले. ‘आमच्या वेळी बिघडलेली फिल्म तरी लिहायचो,’ मामू म्हणाले, ‘आता फिल्मच नाही, मग बिघडलं कुठं?’

पेटीला वेळ कळते, माणूस कळत नाही. तो ७९ पैकी कोणाचा, हे अजून माणसालाच लिहावं लागणार. पुतणी त्यावर डोकं चालवते आहे.

त्या रात्री जेवताना मी मामूंना सहज सांगितलं की अब्बांचा सगळा युक्तिवाद टेबलाच्या गारव्यावर होता. टेबल गार लागलं, म्हणजे थंडी, म्हणजे माझी वेळ.

मामूंनी घास खाली ठेवला. ‘ते टेबल? त्याच्यावर पत्रा होता. ते मे महिन्यातसुद्धा गारच लागायचं.’

मी म्हटलं, ‘मामू, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?’

म्हणाले, ‘मला रजिस्टर शोधायला सांगितलं होतं. टेबलाचं कोणी विचारलंच नाही.’